थेंबे थेंबे तळे साचे : कापडी सीटची घरगुती स्वच्छता

घराखालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे चारचाकी गाडी. कर्जमंजुरीचे पत्र हाती पडते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि नारळ फोडून गाडी घरी येते. पुढील काही महिने तिचे कोडकौतुक चालते. कित्येकांना तर सीटवरचे प्लॅस्टिकचे वेष्टण काढणेही जिवावर येते. मग हळूहळू नवलाई ओसरते. बाहेरचा पत्रा रोज पुसला जातो, कारण तो चारचौघांना दिसतो. ज्या आसनांवर घरातली माणसे प्रत्यक्ष बसतात, त्यांच्याकडे मात्र खंडेनवमी जवळ आली की एकदम लक्ष जाते.

त्या दिवशी काय होते, हे बहुतेक घरांत ठरलेले आहे. पाण्याची बादली येते, साबणाचा भरपूर फेस होतो, कपडे घासण्याचा ब्रश खसाखसा फिरतो. कापड उजळते, पूजा होते, गाडीला झेंडूचे तोरण चढते. चार दिवसांनी दार उघडावे, तो आतून कुबट वास येतो. डाग काढण्यात मंडळी कमी पडलेली नसतात; पाणी काढण्यात कमी पडलेली असतात. कापडी सीट घरी धुण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीत सामावलेले आहे : जेवढे पाणी आत घालावे, तेवढे सगळे बाहेर काढता आले पाहिजे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचत खात्याला लागू पडते, तशी ती सीटखालच्या फोमलाही लागू पडते. बचतीचे तळे सुखाचे असते, फोममधले मात्र दुखण्याचे.

रेक्झिनकडून कापडाकडे

एके काळी हा प्रश्नच नव्हता. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत रेक्झिनची आसने सर्रास दिसत. ओले फडके फिरवले की काम संपे. उन्हाळ्यात रेक्झिन तापे आणि घामाने पाठ चिकटे, म्हणून त्यावर कापडी आच्छादने घालण्याची पद्धत पडली. सरकारी अँबॅसडरमधील पांढरा टर्किश टॉवेल तर अधिकारपदाची खूणच होऊन बसला होता. हे आच्छादन मळले की काढून धोब्याकडे देता येई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यापुढील दोन-तीन दशकांत नव्या पिढीच्या गाड्यांबरोबर कापडी आसने घरोघर पोहोचली. कापड हवेशीर असते, अंगाला बरे वाटते. परंतु ते आसनाला पक्के जोडलेले असते. धोब्याकडे देता येत नाही आणि दोरीवरही वाळत घालता येत नाही. ते जागच्या जागी धुवावे लागते, आणि जागच्या जागीच वाळवावे लागते.

सीटच्या पोटात काय असते?

गाडीच्या सीटचे कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे असते. हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढला. त्याची दोन वैशिष्ट्ये सीट धुणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे त्याला पाण्याचे वावडे आहे. दमट नसलेल्या सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. दुसरे म्हणजे त्याला तेलाचे प्रेम आहे. म्हणूनच हेडरेस्टवर खोबरेल तेलाचा ओशट पट्टा बसतो आणि नुसत्या पाण्याने तो हलत नाही.

धागा पाणी पीत नाही, मग बिघडते कुठे? बिघडते ते कापडाखाली. कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि त्याखाली बैठकीचा जाड पॉलियुरेथेन फोम असतो. या पदार्थाचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली लावला. फोमला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. ओतलेले पाणी धाग्यांच्या मधून खाली सरकते आणि या छिद्रांत जाऊन बसते. वरचे कापड तासाभरात कोरडे लागते, आणि बसणाऱ्याची फसगत होते. खालचा फोम मात्र दिवसच्या दिवस ओला राहतो.

ओलावा, ऊब आणि काळोख या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बुरशीला दुसरे काही लागत नाही. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते, असा सर्वसाधारण दंडक आहे. जोडीला धुळीतील सूक्ष्म कोळी असतात. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि दमट हवेत फोफावतात. बुरशीचे बीजाणू आणि या किड्यांची विष्ठा ही दमेकऱ्यांना व ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास देणारी नेहमीची कारणे आहेत. काचा लावून वातानुकूलन यंत्र चालू केले की तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. मागच्या सीटवर शाळकरी मूल रोज अर्धा तास याच हवेत बसत असेल, तर सीटचा ओलावा हा केवळ वासाचा प्रश्न राहत नाही.

आधी कोरडी सफाई

धूळ भिजली की तिचा चिखल होतो, हे सांगायला शास्त्र लागत नाही. तरीही पाण्याची घाई होते आणि जी धूळ सहज ओढून निघाली असती, ती ब्रशने फोमपर्यंत पोहोचवली जाते. म्हणून पहिले काम कोरडे.

गाडीतले सामान, पायपुसणी आणि हेडरेस्ट काढून घ्यावेत. सीट शक्य तेवढी पुढे व मग मागे सरकवून खालचा भाग मोकळा करावा. व्हॅक्यूम क्लीनरचे चपटे, निमुळते तोंड शिवणींतून आणि बैठक व पाठ यांच्या फटीतून सावकाश फिरवावे. शेंगदाण्यांची टरफले, बिस्किटांचा चुरा, नाणी आणि टोलच्या पावत्या यांचे खरे घर तेच असते. व्हॅक्यूम क्लीनर नसेल, तर तळहाताने सीट हलके थोपटून वर आलेली धूळ कोरड्या मऊ ब्रशने दाराच्या दिशेने झाडावी. या कामाला अर्धा तास लागला तरी तो सत्कारणी लागतो, कारण रोजच्या वापरातील मळाचा मोठा भाग कोराच असतो. कित्येकदा एवढ्यावरच सीट पुरेशी उजळते आणि पाण्याची गरज उरत नाही.

धुण्याची रीत

साहित्य घरातलेच लागते : दोन लहान बादल्या, मऊ केसांचा ब्रश, चार-पाच मायक्रोफायबरची किंवा जुनी पांढरी सुती फडकी आणि कपडे धुण्याचे सौम्य लिक्विड डिटर्जंट. फडकी पांढरीच असावीत. रंगीत फडक्याचा रंग सीटला लागू शकतो; शिवाय पांढऱ्यावर मळ किती निघाला तेही दिसते.

एक लिटर कोमट पाण्यात लहान चमचाभर डिटर्जंट पुरे. अधिक घातले तर अधिक स्वच्छ होते, हा समज चुकीचा आहे. न निघालेला साबण कापडात चिकटून राहतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. त्यामुळे धुतलेली सीट पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा लवकर मळते. दुसऱ्या बादलीत साधे पाणी ठेवावे.

सुरुवात सीटखालच्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यापासून करावी. तेथे थोडे मिश्रण लावून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावे. कापडाचा रंग फडक्यावर उतरला, तर घरगुती प्रयोग तेथेच थांबवावा.

रंग पक्का असेल, तर मिश्रण घुसळून त्याचा फेस करावा आणि ब्रशने फक्त फेस उचलून सीटवर पसरावा. पाणी तळाशी राहू द्यावे. ब्रश हलक्या हाताने, एकाच दिशेने, मग आडवा फिरवावा. जोराने घासल्यास धागे उसवतात, कापडाला गोळे येतात आणि तो भाग कायमचा खरखरीत दिसतो. मिनिटभरात कोरड्या फडक्याने फेस टिपून घ्यावा. नंतर साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके दोन-तीनदा फिरवावे, आणि शेवटी कोरडे फडके तळहाताने दाबून ओलावा ओढून घ्यावा. फडके मळले की घडी बदलावी.

येथे एक बारकावा आहे. केवळ डागापुरते धुतले, तर वाळल्यावर त्या जागी तपकिरी कडेचे वर्तुळ उमटते. ओला भाग वाळताना पाणी कडेकडे सरकते आणि सोबत विरघळलेला मळ नेऊन तेथे सोडते. यावर उपाय म्हणजे सीटचा एक पट्टा एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण धुणे. डाग मधोमध असला तरी कड शिवणीत जाते आणि वर्तुळ दिसत नाही.

एका दिवशी एकच सीट, फार तर पुढच्या दोन, एवढाच बेत ठेवावा. चारही आसने एकाच सकाळी ओली केली, तर ती वाळवण्याइतका वारा आणि वेळ कोणापाशीच नसतो.

डाग तसा उपाय

प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

चहा आणि कॉफी : यांचा रंग टॅनिन या द्रव्याचा असतो. सांडल्याबरोबर टिपून घ्यावे, चोळू नये. नंतर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांत भिजवून पिळलेले फडके दाबून धरावे व मग फेसाने धुवावे. दुधाचा चहा असेल तर पुढील सूचनाही पाळावी.

दूध, अंडे, रक्त : यांना गरम पाणी लावू नये. उष्णतेने त्यांतील प्रथिने घट्ट होऊन धाग्यात रुतून बसतात. थंड पाण्याचे फडके, मग सौम्य डिटर्जंट असा क्रम ठेवावा. सांडलेले दूध खाली झिरपले, तर ते फोममध्ये आंबते आणि त्याचा वास अनेक दिवस जात नाही. म्हणून दुधाच्या बाबतीत पहिल्या पाच मिनिटांचे मोल पुढच्या पाच दिवसांहून अधिक आहे.

हळद : तेलकट भाजीचा डाग पाहून हात साबणाकडेच वळतो आणि पिवळा डाग लालसर होतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. हळदीला चुन्याचे पाणी लागले की कुंकू होते, हे पूर्वी घरोघरी ठाऊक होते. हळदीतील करक्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत लाल होते, आणि साबण अल्कधर्मीच असतो. हा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोलचे ओलसर फडके दाबून रंग उचलावा, नंतर तेलासाठी फेस वापरावा. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. हळदीचा रंग प्रकाशात विटतो, त्यामुळे दोन-चार दिवसांच्या उन्हाने तो बराच निवळतो.

केसांचे तेल, तूप : त्यावर खाण्याचा सोडा किंवा टाल्कम पावडर पसरून अर्धा तास ठेवावी. पावडर तेल शोषून घेते. ती व्हॅक्यूमने ओढून घेतल्यावर भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब फेस करून लावावेत.

गुलाल आणि धुळवडीचे कोरडे रंग : येथे पाणी हा शत्रू आहे. भिजेपर्यंत रंग ही केवळ धूळ असते. पूर्ण कोरड्या अवस्थेत ती ओढून घ्यावी, आणि एकही कण उरला नाही याची खात्री झाल्यावरच ओले फडके हाती घ्यावे.

बॉलपेनची शाई : अल्कोहोलचे फडके डागाच्या बाहेरून आत अशा दिशेने टेकवत न्यावे, म्हणजे शाई पसरत नाही.

च्युइंगगम : प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवावा. कडक झाल्यावर बोथट चमच्याने उचलावे.

ओकारी : घाटरस्त्यावर मुलांना गाडी लागणे हे प्रवासाला नवे नाही. घट्ट भाग पुठ्ठ्याने उचलावा, ओल टिपावी, थंड पाण्याने पुसावे आणि खाण्याचा सोडा पसरून काही तास ठेवावा. पोटातील आम्लाचा वास सोड्याने मारला जातो. वास तरीही राहिला, तर बाजारात मिळणारे एन्झाइमयुक्त स्वच्छक वापरावे. ते वासाचे मूळ असलेले सेंद्रिय पदार्थच तोडून टाकते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र फसफसवण्याची पद्धत पुष्कळ घरांत दिसते. फेस पाहून समाधान वाटते, पण आम्ल व अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती उरते ते खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, मात्र वेगवेगळ्या वेळी.

वाळवण : खरे काम येथे सुरू होते

धुण्याला तास लागत असेल, तर वाळवण्याला अख्खा दिवस राखून ठेवावा. काम सकाळी आठच्या सुमारास सुरू करून दहापर्यंत संपवावे, म्हणजे दिवसभराचे ऊन व वारा मिळतो. चारही दारे उघडी ठेवून घरातला टेबलफॅन सीटकडे तोंड करून लावावा. उन्हापेक्षाही वाहता वारा अधिक उपयोगी, कारण ओलसर हवा बाहेर गेल्याशिवाय नवे पाणी उडत नाही. काचा बंद करून गाडी उन्हात तापवली, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि रात्री ती पुन्हा त्याच सीटवर उतरते.

सीट वाळली की नाही, हे पाहण्याची सोपी खूण आहे. कोरड्या कागदी रुमालाची घडी सीटवर ठेवून गुडघ्याने अर्धा मिनिट दाबावी. रुमाल ओलसर झाला, तर वाळवण अपुरे आहे. वरून हात फिरवून निर्णय घेऊ नये.

हवामानाचा विचार येथे सर्वाधिक महत्त्वाचा आहे. नागपूर, इंदूर किंवा जयपूर येथे एप्रिल-मे महिन्यांत हलकी धुतलेली सीट दुपारपर्यंत वाळते. मुंबई, रत्नागिरी, पणजी, मंगळूर किंवा कोची येथे जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेथे तीच सीट दोन दिवसांतही वाळत नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात कोरड्या सफाईवर आणि डागापुरत्या टिपण्यावर भागवावे. खंडेनवमी अनेकदा पाऊस पुरता परतण्याआधीच येते, हेही ध्यानात घ्यावे. सीटची मोठी धुलाई पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एकदा, असे वर्षातून दोन वेळा केले तरी घरगुती गाडीला पुरते.

पावसाळ्यात भिजलेल्या कपड्यांनी बसणे भाग पडले, तर सीटवर जाडसर टॉवेल टाकावा आणि घरी आल्यावर तो काढून घ्यावा. गाडी पोहोचण्यापूर्वी शेवटची पाच-दहा मिनिटे वातानुकूलन यंत्राची बाहेरची हवा आत घेणारी सोय चालू ठेवावी. वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्प काढून टाकते, त्यामुळे सीट कोरडी राहण्यास मदत होते. मात्र सीट वाळवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील वाहनतळावर इंजिन चालू ठेवून थांबू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने जीव जाऊ शकतो.

जपून, येथे विजेची तार आहे

आजची सीट म्हणजे केवळ गादी नव्हे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक व शेजारचा प्रवासी या दोघांसाठी सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. शेजारच्या सीटवर कोणी बसले आहे की नाही, हे ओळखणारा संवेदक बहुधा बैठकीच्या आतच बसवलेला असतो. अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅग पुढील आसनांच्या पाठीत, दाराकडील कडेला असतात. तेथे ‘एसआरएस एअरबॅग’ अशी लहानशी पट्टी शिवलेली दिसते. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या जोडण्या बहुधा याच यंत्रणेच्या असतात.

त्यामुळे सीटवर नळीने पाणी मारणे, वाफेचे यंत्र एकाच जागी धरून ठेवणे किंवा धुण्याच्या सोयीसाठी सीटखालच्या तारा सोडवणे यांतला प्रत्येक प्रकार महागात पडू शकतो. सीट सोडवून बाहेर काढायची झाल्यास ते काम जाणत्या तंत्रज्ञाकडे द्यावे. धुतल्यानंतर एअरबॅगचा दिवा सतत पेटू लागला, तर तो ‘आपोआप जाईल’ म्हणून सोडून देऊ नये.

मळ दिसू नये म्हणून वरून आच्छादन घालण्याची चाल आहे. ते आच्छादन बाजूच्या एअरबॅगसाठी कड मोकळी ठेवलेले आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. कड शिवून बंद केलेले आच्छादन अपघाताच्या क्षणी एअरबॅगला अडवू शकते. नव्या गाडीचे प्लॅस्टिकचे वेष्टणही याच कारणासाठी पहिल्याच दिवशी काढावे. त्याखाली ओलावा कोंडतो तो वेगळाच.

सीटबेल्टची पट्टी पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडवावी, साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावी. तिला ब्लीच कधीही लावू नये. त्याने धागे कमकुवत होतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

रसायनांबाबत दोन नियम कटाक्षाने पाळावेत. ब्लीच आणि आम्ल, किंवा ब्लीच आणि अमोनियायुक्त स्वच्छक, यांचा संयोग होऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि गाडीसारख्या बंदिस्त जागेत तो अधिकच घातक ठरतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी डाग काढण्याचा जुना खटाटोप करू नये. अल्कोहोल वापरताना दारे उघडी ठेवावीत आणि जवळपास आगकाडी असू नये.

पुराचे पाणी शिरले असेल तर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईने आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळने तोच अनुभव घेतला. असे पाणी सीटपर्यंत चढले असेल, तर वर सांगितलेले उपाय तोकडे पडतात. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचे जंतूही असू शकतात. फोमच्या आत गेलेली ही घाण घरी निघत नाही. आसने बाहेर काढावी लागतात आणि पुष्कळदा फोम बदलावा लागतो.

अशा प्रसंगी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाणी कुठवर चढले होते हे दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत सीटची धुलाई हाती घेऊ नये. पुराने झालेले नुकसान सर्वसाधारणपणे सर्वंकष विमा पॉलिसीत येते. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर येत नाही. रोजच्या वापराने मळलेली सीट मात्र कोणत्याच पॉलिसीत बसत नाही. ती ज्याची त्याने सांभाळायची.

हिशेबाची बाजू

वाहनकर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते आणि नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद असते. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर केला की हा बोजा उतरतो. पुष्कळ कुटुंबे याच सुमारास जुनी गाडी विकून नवी घेण्याचा विचार करतात. आणि तेव्हा सीटची अवस्था प्रथमच रुपयांत मोजली जाते.

विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना वयानुसार घसारा धरला जातो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. हा तक्ता सर्वांना सारखाच. बाजार मात्र तक्ता पाहून चालत नाही. गिऱ्हाईक दार उघडते, वास घेते, सीटवर हात फिरवते आणि मनातल्या मनात आकडा ठरवते. कुबट वास आला की पुरात बुडालेली गाडी असल्याचा संशय येतो, आणि मग कागदपत्रे कितीही चोख असली तरी सौदा खाली येतो. फवारलेल्या अत्तराने हा संशय दूर होण्याऐवजी बळावतोच.

वर्षातून दोन धुलाया, महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची कोरडी सफाई, आणि काही सांडले तर त्याच क्षणी टिपून घेणे, एवढाच हा हप्ता आहे. रक्कम लहान आहे; पण थकली की तिच्यावर व्याज चढते.

थोडक्यात

• पाण्याआधी धूळ काढावी. पाण्याऐवजी फेस वापरावा.
• डाग टिपावा, चोळू नये. दूध व रक्ताला गरम पाणी लावू नये.
• डागापुरते न धुता शिवणीपासून शिवणीपर्यंत धुवावे.
• एका दिवशी एक-दोनच आसने. वाळवण २४ तासांच्या आत.
• किनारपट्टीवर पावसाळ्यात मोठी धुलाई टाळावी.
• एअरबॅगची कड, पिवळ्या जोडण्या आणि सीटबेल्ट यांना ब्लीच व पाण्याच्या माऱ्यापासून जपावे.
• पुराचे पाणी शिरल्यास आधी विमा कंपनीला कळवावे, मग सफाईचे पाहावे.